सखूकाकीच्या भिंतीतलं भोक

बसा रे जरा. पाऊस उणावल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही, मग उगाच चपला शोधत बसू नका. भजन झालं, चहा झाला. सूरज, त्या मोबाईलची बॅटरी माझ्या डोळ्यांवर नको मारूस, खाली ठेव. विझवू नको. राहू दे तेवढा उजेड.

भुताची गोष्ट सांगा म्हणताय. मला तसली गोष्ट येत नाही. बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं रात्रपाळी केली, मला कधी काही दिसलं नाही. पण सदूची हकीगत मला ठाऊक आहे. त्यानं स्वतः मला सांगितली, आणि तिचा शेवट मी या डोळ्यांनी बघितला. सदू म्हणजे अंजनवेलच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवर ज्याचं घर आहे तो. लाँचवरचा खलाशी. तोच.

गेल्या वर्षीची सोळा जुलै. बुधवार होता. अमावस्या नाही, पौर्णिमा नाही, काही नाही. साधा आषाढातला बुधवार. मासेमारीची बंदी चालू होती, लाँचा काठावर ओढून ठेवलेल्या. दुपारी तीनच्या सुमारास सदू बाजारातून परत येत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटं सिमेंट, आणि काखेत बारीक जाळीचा तुकडा. मी स्टँडवर उभा होतो. म्हटलं, “काय रे सदू, घर बांधायला घेतलंस की काय?”

“कसलं घर, महिपतकाका,” तो म्हणाला. “उंदराचं भोक बुजवायचं हाय. चौथ्यांदा.”

हसला नाही. त्याचे डोळे लाल, आत गेलेले. समुद्रावरून आलेला माणूस दमलेला असतो, ते मला माहीत आहे. पण बंदी लागून दीड महिना झालेला. घरी बसलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.

सदूचं वय तेव्हा बावन्न. सत्तावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या लाँचवर राबला. दहा-बारा दिवस पाण्यात, दोन दिवस घरी, परत पाण्यात. आला की जेवायचा आणि आडवा व्हायचा. सावित्री, त्याची बायको, म्हणायची, “ह्यांच्या अंगावर छप्पर पडलं तरी हे कूस बदलून झोपतील.” मूलबाळ नव्हतं. दोघंच घरात.

घर चिऱ्याचं, वरती मंगलोरी कौलं. मूळचं एकच घर, पण सदूच्या बापानं आणि काकानं वाटण्या केल्या तेव्हा मधोमध भिंत घातली. अलीकडे सदू, पलीकडे त्याची चुलती सखूकाकी. काका जाऊन वीस वर्षं झालेली. काकीचा मुलगा विनीत मुंबईला एका कंपनीत. त्यामुळे पलीकडे काकी एकटीच. ऐंशीच्या आसपासची, वाळलेल्या शेंगेसारखी. पण हातपाय चालते. सुकट निवडायची, परसातल्या दोन माडांवर लक्ष ठेवायची, त्यांच्या नारळांचं खोबरेल घरीच काढायची, कुणाचं पोर पाखाडीवरून धावत गेलं तर ओरडायची.

ती गेली त्या वर्षीच्या मे महिन्यात. रात्री कधीतरी गेली. सावित्री तेव्हा मंडणगडला माहेरी लग्नाला गेलेली. कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पाववाला हाका मारून दमला, त्यानं दार ढकललं, तेव्हा काकी भिंतीला लागून असलेल्या आपल्या खाटेवर होती. अर्धी खाटेवर, अर्धी खाली. सदू तेव्हा पाण्यात होता. त्याला वायरलेसवर कळवलं. तो आला तोवर सगळं उरकलं होतं.

विनीत आला, दिवसकार्य केलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली सदूकडे देऊन गेला. “सदूदादा, तू शेजारी आहेस, मला काळजी नाही,” असं म्हणाला. सदूनं किल्ली खुंटीला अडकवली.

त्याच आठवड्यात उंदीर यायला लागले.

आता कोकणातल्या घरात उंदीर काय नवे आहेत? पण हे उंदीर वेगळेच माजले. डाळीचा डबा उलथा, साबणाची वडी कुरतडलेली, सावित्रीची लग्नाची साडी पेटीत घडीवर घडी कातरलेली. सदूनं पिंजरा आणला. त्यात भाजलेली सुकट टांगली. सकाळी सुकट गायब, पिंजऱ्याचं दार उघडं ते उघडंच. चिकट पुठ्ठे आणले. पुठ्ठ्यावर सावित्रीचाच पाय पडला. औषधाच्या वड्या ठेवल्या, त्या तशाच्या तशा राहिल्या, नुसत्या ओल धरून फुगल्या. देवरूखच्या पावण्यांनी मांजर दिलं. ते दोन रात्री राहिलं. तिसऱ्या दिवशी गेलं ते गेलंच.

सगळे उंदीर यायचे ते एका भोकातून. मधल्या भिंतीत, जमिनीपासून हातभर वर, चिऱ्याच्या सांध्यात. पहिल्यांदा आवळ्याएवढं होतं. सदूनं चिंध्या कोंबल्या. सकाळी चिंध्या बाहेर. मग दगडाची कपची ठोकून माती लिंपली. सकाळी माती बाहेर. तिसऱ्यांदा सिमेंट भरलं, चांगलं कोपराएवढं आत. दोन दिवस टिकलं. तिसऱ्या सकाळी सिमेंटचा गोळा भिंतीपासून वीतभर अंतरावर पडलेला, अख्खा, आणि भोक मुठीएवढं झालेलं.

सावित्रीनं तो गोळा हातात घेतला. म्हणाली, “अहो, ह्याला दाताची एक खूण नाय. हा कुरतडला नाय. हा ढकललाय.”

“कोण ढकलेल?”

“मला काय विचारता? पलीकडून ढकलला म्हणून तर अलीकडे पडला.”

सदू गोळा उचलून परसात फेकून आला.

मग जुलैच्या सुरुवातीला सावित्रीला ताप भरला. आधी साधा वाटला. मग पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे तांबडेलाल. चिपळूणला नेलं, चार दिवस ठेवून घेतलं. लेप्टो. उंदराच्या मुताचं पाणी कुठं जखमेला लागलं असेल, डॉक्टर म्हणाले. वाचली. पण सोडताना डॉक्टरांनी सदूला बाजूला घेऊन सांगितलं, “घरातले उंदीर आधी काढा. पुन्हा झालं तर मूत्रपिंडावर जाईल.”

त्यानंतर सदू झोपेना. सावित्री औषधाच्या गुंगीत पडलेली, आणि हा तिच्या उशाशी काठी घेऊन बसलेला. खुडबुड झाली की आपटायचा. रोज रात्री. ज्या माणसाला छप्पर पडलं तरी जाग यायची नाही, तो आता पाल चुकचुकली तरी उठून बसायचा. सावित्री म्हणायची, “मी जाते माहेरी थोडे दिवस, तुम्ही तरी झोपाल.” तो म्हणायचा, “नको. एकट्यानं नको.” एवढंच. कारण सांगायचा नाही.

तर तो बुधवार.

बाजारातून आल्यावर त्यानं विनीतला फोन लावला. “तुमच्या बाजूनं आत जाऊन भोक बुजवतो. उंदीर तिकडनं येतायत.” विनीत म्हणाला, “अरे, विचारतोस काय? घर तुझंच आहे.” सदूनं खुंटीवरची किल्ली काढली. दिवसकार्यानंतर पहिल्यांदा.

साडेपाच वाजले होते. पाऊस बारीक पडत होता. सावित्री शाल गुंडाळून दारापर्यंत आली, हातात बॅटरी धरून. सदूनं कुलूप काढलं. दार ओलीनं फुगलेलं, खांदा लावून उघडावं लागलं. मागचं दार विनीतनं जाताना आडव्या फळ्या ठोकून बंद केलेलं. खिडक्या लावलेल्या. आत अंधार आणि दमट वास.

सदूला वाटलं होतं, आत उंदरांचं राज्य असेल. लेंड्या असतील, बिळं असतील, काकीनं कुठं मडक्यात तांदूळ ठेवलेले राहिले असतील, त्यावर पोसले असतील. त्यानं बॅटरी फिरवली. चूल, मांडणी, कोनाडा, खाटेखाली.

काही नव्हतं.

दाणा नाही. लेंडी नाही. खाण्यासारखी एक वस्तू नाही. जमीन दोन महिने बंद घरात असायला हवी तशी धुळीनं भरलेली, आणि त्या धुळीवर उंदराच्या पावलाचा एक ठिपका नाही.

“मग हे राहतात कुठं?” सावित्री उंबऱ्यावरून म्हणाली.

सदू भिंतीकडे बघत होता. खाट काढून टाकली होती, पण तिच्या पायांचे चार गोल डाग जमिनीवर होते. भोक बरोबर त्या डागांच्या मध्ये. खाटेवर निजलेल्या माणसाचं तोंड भिंतीकडे असेल, तर तोंडासमोर येईल एवढ्या उंचीवर.

त्यानं भराभर काम केलं. बाटली फोडून काचांचे तुकडे सिमेंटात कालवले, भोकात गच्च भरले, वरून थापी मारून सारखं केलं. बाहेर आला, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग आपल्या बाजूनं भोकात तसंच सिमेंट भरलं, वर जाळी धरली आणि चार खिळ्यांनी ठोकली. सात वाजेपर्यंत सगळं आटपलं.

“आता येऊ दे,” तो म्हणाला.

सावित्रीनं भाकरी केली होती. त्यानं अर्धी खाल्ली. ती गोळी घेऊन साडेनऊला झोपली. हा नेहमीसारखा बसला. काठी मांडीवर, पाठ मांडणीला, तोंड भिंतीकडे. दिवा बारीक. बाहेर पाऊस कौलांवर एकसारखा. खाडीपलीकडच्या लाँचवाल्यांच्या वस्तीत कुणीतरी टीव्ही लावला होता, तो बंद झाला. वीजकंपनीच्या चिमणीवरचा तांबडा दिवा खिडकीच्या फटीतून दिसत होता. अकरा वाजले. बारा.

खुडबुड नाही. एक डबा हलला नाही. त्याला वाटलं, जमलं. मान खाली जायला लागली.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. हे त्याला नक्की आठवतं, कारण सावित्रीच्या पुढच्या गोळीसाठी त्यानं मोबाईल बघितला.

आणि आवाज आला.

खर्र… खर्र… खर्र.

भिंतीतून. तीनदा. मग थांबला.

सदूनं काठी उचलली. आपटली नाही. हात वरच राहिला.

खर्र… खर्र… खर्र.

पुन्हा तीनदा. पुन्हा थांबला.

सावित्री, तू ऐकतेस का, असं त्याला म्हणायचं होतं. ती झोपेत होती. तिचा श्वास चालू होता. त्यानं तोच आधार धरला, तिच्या श्वासाचा.

उंदीर असा खरवडत नाही, पोरांनो. उंदीर सुरू झाला की करवतीसारखा चालतो, मधे कुणाची वाट बघत नाही. तीनदा खरवडून थांबायचं, ऐकायचं, परत तीनदा… हे माणूस करतो. हे नखानं करतात.

आणि सदूला हा आवाज ओळखीचा होता.

मे महिन्यातली ती रात्र. बारा दिवसांनी लाँच धक्क्याला लागलेली. सदू रात्री दहाला घरी आला. सावित्री माहेरी. अंगाला डिझेलचा आणि मासळीचा वास, दोन्ही तळहात दोरानं सोललेले. जेवलाही नाही. चटईवर पडला तो मेल्यासारखा. आणि रात्री कधीतरी अर्धवट झोपेत त्याला ऐकू आलं. खर्र, खर्र, खर्र. भिंतीपलीकडून. परत. आणि परत. किती वेळ, त्याला माहीत नाही. त्याला राग आला. उंदीर, तो मनात म्हणाला. हे काकीकडचे उंदीर. त्यानं पडल्या पडल्या मुठीनं भिंतीवर जोरात मारलं आणि ओरडला, “गप की रे!”

आवाज थांबला.

तो कुशीवर वळला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उठला, तसाच धक्क्यावर गेला, संध्याकाळी लाँच परत सुटली. काकीच्या दारात डोकावला नाही. रोज डोकवायचा असं नाही, पण डोकवायचा. त्या दिवशी नाही. वेळ नव्हता. पुढे खाट बघितल्यावर, तिचा हात भिंतीकडे पसरलेला होता असं पाववाल्यानं सांगितल्यावर, त्याला समजलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. सावित्रीलासुद्धा नाही. दोन महिने तो एकटाच ते घेऊन बसला होता. आणि भोक बुजवत होता.

तर तो आवाज.

खर्र… खर्र…

तिसरा आला नाही.

सदू वाट बघत राहिला. पाऊस थांबला होता. कधी थांबला ते कळलं नाही. कौलांवरून थेंबसुद्धा पडत नव्हता.

मग भिंतीतून बोलणं आलं. बारीक. माती तोंडात असल्यासारखं.

“सदू…”

तो हलला नाही.

“सदू… बुजवू नको रे…”

…

“वारा येत नाय.”

त्याच्या हातातली काठी खाली पडली. गडगडत सावित्रीच्या अंथरुणाला लागली. ती जागी झाली नाही.

सदू मला म्हणाला, “काका, मी पळालो असतो. पण पाय नव्हते.” मग तो रांगत गेला. भिंतीपर्यंत. जाळीत बोटं घातली आणि ओढली. एक खिळा निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला जाळी फाटली. आतलं सिमेंट अजून ओलं होतं, पावसाळ्यात लवकर धरत नाही ते. त्यानं बोटांनी उकरायला सुरुवात केली. काचा त्यानंच घातल्या होत्या. बोटं कापली. तो उकरत राहिला.

कोपरापर्यंत हात आत गेला. पलीकडच्या सिमेंटाला लागला. त्यानं ढकललं.

ते सुटलं. पलीकडे पडलं.

पडल्याचा आवाज आला नाही.

भोकातून वारा आला. गार. त्याच्या मनगटावरून, कोपरावरून, तोंडावर. त्यात कसला वास नव्हता. बंद घराचाही नाही.

सदू तिथंच बसला, भिंतीला कपाळ टेकवून. आणि दोन महिने जे कुणाला बोलला नव्हता ते बोलला. मोठ्यानं नाही. सावित्री उठेल म्हणून हळू.

“काकी, मी ऐकलं होतं. मला वाटलं उंदीर. मी दमलो होतो गो… मी लय दमलो होतो.”

पलीकडे काही नाही.

तो थांबला.

काही नाही.

त्याला वाटलं, संपलं. मग उत्तर आलं. एकच वाक्य.

“झोप आता.”

मायेनं म्हटलं, की कंटाळून म्हटलं, की आणखी कसं, ते त्याला आजही सांगता येत नाही. पण एक गोष्ट तो शपथेवर सांगतो. ते भिंतीपलीकडून आलं नाही.

ते अलीकडून आलं. त्याच्या मागून. कानाशी.

…

त्यानं मागं बघितलं नाही.

तिथंच, भिंतीशी, ओल्या सिमेंटात हात तसेच ठेवून, सदू झोपला. असा झोपला की सकाळी साडेदहाला सावित्रीनं हलवून उठवलं तेव्हा आपण कुठं आहोत ते त्याला कळेना. ती घाबरलेली. हात रक्तानं माखलेले, जाळी फाटलेली, भोक पुन्हा मोकळं. “काय केलंत हे? एवढं बुजवलं होतं!”

“राहू दे,” सदू म्हणाला. “वारा येतो जरा.”

सावित्री त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पाणी तापवलं, त्याचे हात धुतले, हळद भरली. परत विचारलं नाही. तशी शहाणी आहे ती.

उंदीर त्या रात्रीपासून आले नाहीत. एकही नाही. डाळ उघडी राहिली तरी नाही. भोक उघडं, आणि घरात उंदीर नाही. सावित्रीचा ताप परत आला नाही. श्रावण लागला, बंदी उठली, सदू पहिल्या खेपेला जायच्या आधी बर्फ भरायला कारखान्यावर आला, तेव्हा लादीवर बसून त्यानं मला हे सगळं सांगितलं. बोटांवरचे व्रण दाखवले. मी म्हटलं, “बरं केलंस, बोललास.” मला वाटलं, दमलेला जीव, बायकोचं आजारपण, रात्र-रात्र जागरण. मनाचे खेळ असतात. विषय संपला असं मला वाटलं.

गणपतीला विनीत आला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुपारी, बायकापोरांना घेऊन. सामान पाखाडीवर उतरवलं. सदू नेमका घरी होता, मी गणपतीच्या मखराचं सामान घेऊन तिकडूनच चाललो होतो, थांबलो. सदूनं खुंटीवरची किल्ली आणून दिली. त्या बुधवारी संध्याकाळी त्यानं कुलूप लावलं, त्यानंतर ते कुणी काढलं नव्हतं. कुलपावर हिरवट थर चढला होता.

विनीतनं किल्ली फिरवली. कुलूप निघालं. दार ढकललं.

उघडेना.

“फुगलंय,” सदू म्हणाला, “खांदा लाव.” दोघांनी खांदा लावला. मीही लावला. दार वरून हलत होतं, खालून हलत होतं. मधे अडकत होतं. फुगलेलं दार असं अडकत नाही. विनीतनं फटीतून बॅटरी मारली आणि डोळा लावला. मग तो मागे सरकला.

म्हणाला, “दादा, आतून कडी आहे.”

विनीतच्या बायकोनं पोरांना मागे ओढलं.

मागच्या दाराच्या फळ्या जशाच्या तशा, खिळे गंजलेले. खिडक्या आतून लावलेल्या. शेवटी विनीत शिडी लावून वर चढला, कौलं काढली, आणि वाशाला धरून आत उतरला. बाहेर आम्ही उभे. तो आत चालतोय तेवढं ऐकू येत होतं. मग कडी सरकल्याचा आवाज आला. सहज. एका झटक्यात. दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. धूळ होती. धुळीत सदूची जुनी, बुजत आलेली पावलं आणि विनीतची ताजी, तेवढीच.

विनीत दाराशी उभा होता, कडीवर हात ठेवून. “दादा, ही कडी लागत नव्हती रे. मी लहान असल्यापासून गंजून धरलेली. आई दाराला आतून पाटा लावून झोपायची. दोन माणसांच्या जोरानं पण ही सरकायची नाही.”

सदू कडीकडे बघत होता. पुढे झाला नाही. मीच पुढे झालो. कडीवर बोट फिरवलं.

बोट ओशट झालं. नाकाशी नेलं. खोबरेल होतं.

ताजं.